पाणी किती वाजता उतरते

कोकणात लहानाच्या मोठ्या झालेल्या माणसांना भरती-ओहोटीसाठी छापील तक्ता पाहावा लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा, तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. गावागणिक अर्धापाऊण तास पुढेमागे होतो, पण हिशेब सहसा फसत नाही. माझ्या आत्येने तो मला शिकवला तेव्हा मी दुसरीत की तिसरीत होते, आणि शिकवण्यामागचे कारण अगदी व्यवहारी होते. कालवे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, फोडायला खडपावर कधी निघायचे आणि पाणी चढायच्या आत कधी परतायचे, हे ज्याला सांगता येत नाही त्याला ती बरोबर नेत नसे.

पाऊणकीचा हा पाढा मी पुढे कित्येक वर्षे केवळ गावाकडची एक गोड आठवण म्हणून जपला. समुद्रकाठच्या कातळातल्या डबक्यांविषयी वाचू लागले आणि गेली काही वर्षे दर सुट्टीत त्याच डबक्यांपाशी बसू लागले, तेव्हा लक्षात आले की हवामानबदलाचा या जीवांवर काय परिणाम होईल हे समजून घेण्याची किल्ली बऱ्याच अंशी याच हिशेबात आहे. हवा किती अंशांनी तापली हा प्रश्न अपुरा आहे. ती तापलेली असताना समुद्र खडकावर होता की खडकावरून उतरला होता, हे आधी विचारावे लागते.

आमच्या गावच्या किनाऱ्यावर काळा कातळ जवळजवळ सपाट पसरत समुद्रात शिरतो. ओहोटीला पाणी मागे गेले की त्याच्या खळग्यांत समुद्राचे छोटे छोटे तुकडे मागे राहतात. काही खळगे परातीएवढे उथळ असतात, तर काहींमध्ये गुडघाभर पाणी असते. माझ्या आवडत्या डबक्याच्या काठावर कालव्यांची धारदार किनार आहे. आतल्या कपारीत चार-पाच समुद्रफुले, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी, चिकटलेली असतात, एक-दोन शंखातले खेकडे सतत घर ओढत फिरत असतात, आणि तळाच्या वाळूशी एकरूप झालेला बोटाएवढा मासा सावली पडताच नाहीसा होतो. दिवाळीनंतर डबके शेवाळांनी हिरवे-तपकिरी भरून जाते. उन्हे चढली की त्या शेवाळांवर प्राणवायूचे बारीक बुडबुडे मोत्यांसारखे धरतात. चैत्र-वैशाखापर्यंत बहुतेक शेवाळ विरून जाते आणि डबके उघडेबोडके दिसू लागते. हे ऋतुमान जुनेच आहे, त्यात नवे काही नाही.

समुद्रफूल पाण्याबाहेर पडले की कसे दिसते ते एकदा नीट पाहण्यासारखे आहे. ते आपल्या साऱ्या शुंडा आत ओढून घेते आणि एक लिबलिबीत गोळा होऊन बसते. त्याच्या अंगाला शिंपल्यांचे बारीक तुकडे आणि वाळूचे कण इतके दाट चिकटलेले असतात की नवखा माणूस त्यावर पाय देऊन जातो. तो कचरा त्याने मुद्दाम धरलेला असतो. पांढऱ्या शिंपल्यांवरून ऊन परावर्तित होते आणि कणांच्या मधल्या फटींत ओल टिकते. खडकाला टोपीसारख्या चिकटलेल्या शंखांचीही अशीच युक्ती आहे. ते कवच खडकाशी घट्ट मिटून आत पाणी धरून ठेवतात, आणि उष्णता असह्य झाली की काही जाती कवचाची कड किंचित उचलून थोडे पाणी वाफ होऊ देतात, म्हणजे शरीर थंड पडते. अर्थात ते पाणी मोजकेच असते. ते संपल्यावर दुसरा उपाय नसतो.

या साऱ्या युक्त्या कुठे कमी पडतात ते 2021 च्या जूनअखेरीस कॅनडा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दिसले. त्या आठवड्यात तिथे उष्णतेचा घुमट बसला होता, म्हणजे तापलेली हवा एकाच जागी कोंडून राहिली होती. ब्रिटिश कोलंबियातल्या लिटन या गावी 29 जूनला 49.6 अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, जो कॅनडाचा उच्चांक आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले सागरी जीवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हार्ली व्हँकूवरच्या किनाऱ्यावर गेले तेव्हा शिंपले उघडे पडून सडू लागले होते आणि दुर्गंधी लांबूनच येत होती. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात खडकांचा पृष्ठभाग 50 अंशांच्या वर दिसत होता. त्या काही दिवसांत शंभर कोटींहून अधिक सागरी जीव मेले असावेत, असा त्यांचा अंदाज होता.

ही बातमी त्या वेळी आपल्याकडेही आली होती, पण तिच्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग बातमीत नव्हता. 24 जूनला पौर्णिमा होती, म्हणजे उधाणाचे, पाणी सर्वांत जास्त चढण्या-उतरण्याचे, दिवस होते, आणि व्हँकूवरजवळच्या आतल्या सामुद्रधुन्यांमध्ये उन्हाळ्यातली सर्वांत खोल ओहोटी नेमकी दुपारच्या सुमारास येते. एरवी पाण्याखाली सुरक्षित असणारा खडकाचा खालचा पट्टाही त्यामुळे भर उन्हात उघडा पडला. बाहेरच्या खुल्या किनाऱ्यावर ओहोटी सकाळी लवकर येते, आणि तिथे तुलनेने हानी कमी झाली. उष्णतेची लाट एकच होती, पण पाणी उतरण्याच्या वेळेने कोण जगेल आणि कोण मरेल ते ठरवले.

अमेरिकी सागरी जीवशास्त्रज्ञ ब्रायन हेल्मथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे त्याआधी जवळजवळ वीस वर्षे, 2002 मध्ये, दाखवून दिले होते. उत्तरेकडे जावे तसे थंड होत जाते, म्हणून उष्णतेचा ताण दक्षिणेकडच्या जीवांना जास्त, हे सगळ्यांना उघड सत्य वाटत होते. हेल्मथ यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जागोजागी शिंपल्यांची तापमाने तपासली, तेव्हा उत्तरेकडच्या काही ठिकाणचे शिंपले दक्षिणेकडच्यांपेक्षा जास्त तापत असल्याचे आढळले, कारण त्या ठिकाणी उन्हाळ्यातली ओहोटी मध्यान्हीला येते. त्यांनी खऱ्या शिंपल्यासारखेच तापतील असे कृत्रिम शिंपले बनवून, त्यांत तापमापक बसवून ते खडकांवर चिकटवले. माझ्या मते या विषयातले हे सर्वांत सुंदर काम आहे, कारण त्यांनी हवेचे तापमान बाजूला ठेवून प्राण्याच्या अंगाला काय सोसावे लागते ते मोजले.

आता आपली पाऊणकी पुन्हा मांडून पाहू. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, आपल्याकडे भरती बाराच्या आगेमागे येते. म्हणून सर्वांत खोल ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास पडते. खडकाचा सर्वांत खालचा पट्टा, जिथे नाजूक शेवाळे, समुद्री गोगलगायी आणि प्रवाळांसारखे जीव राहतात, तो दोन्ही वेळा कोवळ्या किंवा कलत्या उन्हात उघडा पडतो आणि भर मध्यान्ही खोल पाण्याखाली असतो. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराला येते खरी, पण ते भांगाचे दिवस असतात. पाणी फारसे उतरतच नाही, त्यामुळे खालचा पट्टा झाकलेलाच राहतो. व्हँकूवरजवळ जे घडले ते कोकणच्या खालच्या पट्ट्यात सहसा घडू शकत नाही, याचे श्रेय आपल्या तिथींना आहे. हे पहिल्यांदा उमगले तेव्हा मला मनापासून हायसे वाटले होते.

हे समाधान वरच्या पट्ट्यातल्या डबक्यांपाशी टिकत नाही. भांगाला पाणी जसे फार उतरत नाही, तसे फार चढतही नाही. त्यामुळे कातळाच्या वरच्या अंगाच्या डबक्यांपर्यंत सलग तीन-चार दिवस समुद्र पोहोचतच नाही. चैत्रातल्या एका अष्टमीला मी दुपारी छत्री घेऊन तिथे गेले होते. निघताना आत्ये अंगणातून म्हणाली, “आता अष्टमीला काय बघायचंय तिथं? पुनवेला ये, मग दाखवते.” तिच्या दृष्टीने ते बरोबरच होते, कारण भांगाला कालवे मिळत नाहीत. मी मात्र नेमके तेच पाहायला निघाले होते. वरच्या डबक्यात हात घातला तर पाणी अंघोळीच्या पाण्याइतके ऊन लागत होते. पातळी चार बोटे खाली गेली होती आणि जुन्या पातळीच्या रेषेवर मिठाची पांढरी किनार उमटली होती. काळे गोल शंख पाणी सोडून कपारीच्या सावलीच्या बाजूला एकावर एक दाटीने बसले होते. एक छोटा खेकडा तळाशी न जाता पाण्याच्या कडेला अर्धा बाहेर बसला होता, कारण तापलेल्या आणि खारटलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. दोन तासांत तो तिथून हलला नाही.

असे दिवस या जीवांनी हजारो वर्षे काढले आहेत, मग आताच काळजी का, असे मला कुणी विचारले तर मी त्या पाण्याच्या तापमानाला किती वाव उरला आहे याकडे बोट दाखवीन. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या अहवालानुसार, उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान 1951 ते 2015 या काळात सुमारे 1 अंशाने वाढले. जगातल्या समुद्रांची याच काळातली सरासरी वाढ 0.7 अंश आहे. भरतीच्या पाण्याने जे डबके पुन्हा थंड व्हायचे, ते आता आधीच ऊन असलेल्या पाण्याने भरते. एक अंश हा आकडा माणसाला क्षुल्लक वाटतो, पण कॅलिफोर्नियाजवळच्या किनाऱ्यांवरच्या छोट्या चपट्या खेकड्यांवर जोनाथन स्टिलमन यांनी केलेले काम वाचल्यावर तो क्षुल्लक वाटेनासा होतो. एकाच कुळातल्या अनेक जाती तपासून 2003 मध्ये त्यांनी दाखवले की सर्वांत जास्त उष्णता सोसणाऱ्या जाती आपल्या सहनशक्तीच्या कडेलोटाच्या सर्वांत जवळ जगत असतात, आणि ती सहनशक्ती आणखी वाढवण्याची त्यांची ऐपत सर्वांत कमी असते. खडकाच्या वरच्या पट्ट्यात राहणारे, उष्णकटिबंधातले, वर्षानुवर्षे ऊन सोसून चिवट झालेले म्हणून ज्यांच्याविषयी आपण निश्चिंत असतो, त्यांच्याकडेच शिल्लक कमी आहे. आमच्या अष्टमीच्या डबक्यातले शंख आणि खेकडे याच वर्गातले आहेत.

पहाटेच्या ओहोटीला मी वर दिलासा म्हटले, पण तिचीही एक काळोखी बाजू आहे. दिवसा डबक्यातले शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि प्राणवायू सोडते. रात्री ते थांबते, पण डबक्यातल्या सर्वांचे श्वसन चालूच राहते. पहाटेच्या उधाणी ओहोटीत अंधारातच समुद्रापासून तुटलेल्या डबक्यात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि पाणी आम्लतेकडे सरकते. समुद्राने मुळातच माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चतुर्थांश भाग पोटात घेतला आहे. औद्योगिक युगाआधी 8.2 च्या आसपास असलेला पृष्ठजलाचा सामू (पीएच) आता 8.1 च्या आसपास आहे. सामूचे मापन ज्या पद्धतीने होते त्यामुळे एवढ्याशा फरकाचा अर्थ आम्लता जवळपास 30 टक्क्यांनी वाढली असा होतो. कॅलिफोर्नियातल्या बोडेगा येथील डबक्यांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की आम्लतेचा खरा फटका रात्री बसतो. दिवसा कवचे घडत राहतात, पण रात्री चुन्याचे विरघळणे वाढते. कालव, शंख, बार्नेकल, चुनखडी शेवाळ यांचे सारे घरच चुन्याचे आहे. दिवसभरात कमावायचे आणि रात्री गमवायचे, या जमाखर्चात रात्रीची बाजू जड होत गेली तर काय होईल ते निराळे सांगायला नको.

पावसाचेही तसेच आहे. जोराचा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की शहरात पाणी तुंबते, म्हणून मुंबईकर पावसाळ्यात भरतीच्या वेळेकडे डोळे लावून बसतात. डबक्यांची भीती नेमकी उलट असते, कारण त्यांना ओहोटीत पडणारी मुसळधार नडते. समुद्र लांब असतो आणि दोन-तीन तासांत डबक्यातले खारे पाणी जवळजवळ गोडे होऊन जाते. हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवले की मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडाले तेव्हा खाड्यांमधून लाल मातीचे पाणी समुद्रात किती दूरवर गेले होते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. कालव आपली शिंपली मिटून असे दिवस काढू शकते, पण समुद्रफुलाला मिटायला शिंपली नाही.

थंड देशांतले जीव निदान सरकू शकतात. ब्रिटनमध्ये डेनिस क्रिस्प आणि अ‍ॅलन साउथवर्ड यांनी 1950 च्या दशकापासून खडकाळ किनाऱ्यांवरच्या प्राण्यांच्या नोंदी ठेवल्या; त्यांच्या आधारावर उबदार पाण्यातल्या काही शंखांच्या जाती उत्तरेकडे आणि पूर्वेकडे पुढे सरकल्याचे आज निश्चित सांगता येते. आपल्या जीवांनी कुठे सरकायचे? मुंबईच्या उत्तरेला डहाणूपर्यंत थोडाफार खडक आहे, मग खंबातच्या आखाताचा गाळ सुरू होतो आणि खरा खडकाळ किनारा पुन्हा सौराष्ट्रात भेटतो. त्याच्याही पलीकडे गेले तर अरबी समुद्रच संपतो, कारण उत्तरेला जमीन आहे. नकाशाकडे पाहताना ही साधी गोष्ट माझ्या मनाला फार लागते.

वर सरकण्याची वाटही आपण अडवत चाललो आहोत. त्याच 2020 च्या अहवालात उत्तर हिंदी महासागराची पातळी 1993 ते 2017 या काळात वर्षाला 3.3 मिलिमीटर या वेगाने वाढल्याचे म्हटले आहे. कातळ जिथे चढता आहे तिथे जीवांचे पट्टे हळूहळू वर जाऊ शकतात. पण कोकणातले पुष्कळसे कातळ सपाट आहेत आणि त्यांच्या मागे उभा कडा किंवा धूपप्रतिबंधक बंधारा आहे. पाणी वाढले की डबक्यांचा पट्टा बंधाऱ्याशी येऊन थांबेल आणि पुढे अरुंद होत जाईल. ज्यांची घरे लाटांच्या तोंडाशी आहेत त्यांना बंधारा हवाच, त्यांच्याशी माझा वाद नाही. पण कातळाच्या पाठीमागे, जिथे वस्तीही नाही, अशा ठिकाणीही दगड ओतले जाताना मी पाहिले आहेत, आणि ते मला पटत नाही.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती मात्र जुन्या नोंदींची उणीव. कॅलिफोर्नियात माँटेरेजवळच्या हॉपकिन्स सागरी केंद्रात विलिस ह्यूएट यांनी 1931 ते 1933 या काळात खडकावर एक सरळ पट्टा आखून त्यातले प्राणी मोजले होते आणि पट्ट्याच्या खुणेसाठी खडकात पितळी बोल्ट ठोकले होते. साठ वर्षांनी, 1993 मध्ये, राफे सागरिन आणि सारा गिलमन या दोन विद्यार्थ्यांनी त्या खुणा शोधून त्याच जागी पुन्हा मोजणी केली. दक्षिणेकडच्या उबदार पाण्यातल्या बहुतेक जाती वाढल्या होत्या, उत्तरेकडच्या बऱ्याच कमी झाल्या होत्या, आणि तिथल्या किनाऱ्यालगतच्या पाण्याचे वार्षिक सरासरी तापमान 0.75 अंशाने वाढले होते. दोन बोल्टांच्या मधल्या जागेतून एवढी मोठी गोष्ट हाती लागली. आपल्याकडे ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या गटाने 2017 पासून हाजी अली, कार्टर रोड, जुहू अशा ठिकाणी ओहोटीला लोकांना नेऊन दिसेल त्या जीवाची नोंद करायला सुरुवात केली. गजबजलेल्या शहराच्या कडेला प्रवाळ आणि अष्टपाद जगत आहेत हे अनेकांना त्यामुळेच पहिल्यांदा समजले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावागावांत असे काही व्हायला हवे असे मला फार वाटते. सरकारी प्रकल्पाची वाट पाहण्याची त्यासाठी गरज नाही. वही, पेन आणि तिथीचा हिशेब एवढे पुरते.

मी स्वतः तीन डबकी धरली आहेत, एक वरच्या पट्ट्यातले, एक मधले आणि एक उधाणालाच उघडे पडणारे. दर भेटीत तिथी, वेळ, पाणी कोमट की गार, समुद्रफुले किती, रिकामी कालवे किती, एवढेच लिहिते. खडकाला भोक पाडून खूण करणे मला नको होते, म्हणून समुद्रावरचे खडप शोधण्यासाठी आमच्याकडचे दर्यावर्दी जसे दोन खुणा एका रेषेत धरतात तशाच मी धरल्या. देवळाचा कळस आणि त्याच्या मागचा उंच माड एका ओळीत आले, आणि डाव्या हाताला टोकाचा बुरूज कड्याआडून जेमतेम दिसू लागला, की पायाशी मधले डबके. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात तो माड मोडला. त्यानंतरच्या पहिल्या उधाणाला आत्येला घेऊन मी कातळावर गेले. तिने डोळ्यांवर हात धरून किनाऱ्याकडे बराच वेळ पाहिले, दोन पावले मागे आली, आणि कळसाच्या रेषेत शाळेच्या छपराचा कोपरा धर म्हणाली. वहीत आता तीच खूण लिहिलेली आहे. त्या संध्याकाळी मधल्या डबक्यात समुद्रफुले सात होती.